मैदानावरचा वाघ लूमच्या शेडमध्ये: ‘ट्रेन्ड’ मॅलिनॉइसच्या व्यवहारात पैसे बुडाले कुठे?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराने राखणीसाठी बेल्जियन मॅलिनॉइस जातीचा कुत्रा घेतला, 1 लाख 80 हजारांना. व्हॉट्सअॅपवर आलेली जाहिरात अशी: ‘फुल ट्रेन्ड, आयजीपी-3 टायटल, वय 14 महिने.’ आयजीपी म्हणजे कुत्र्यांचा परीक्षा-खेळ, 1 ते 3 अशा पायऱ्यांचा; पायरी पार केली की टायटल. फसवणूक त्या एका ओळीतच उघडी पडली होती. आयजीपी-1 ला कुत्रा किमान 18 महिन्यांचा लागतो, आयजीपी-3 ला 20 महिन्यांचा. त्याआधीची बीएच ही परीक्षासुद्धा 15 महिने भरल्याशिवाय देता येत नाही. शिवाय खरं टायटल असेल तर मागोवा, आज्ञापालन आणि संरक्षण या प्रत्येकी 100 गुणांच्या तीन भागांची नोंद असलेलं, जजच्या सहीचं स्कोअरबुक असतं. इथे दाखवलं गेलं ते लॅमिनेशन केलेलं रंगीत सर्टिफिकेट, त्यावर सोनेरी सिंहाचं चित्र.

डेमो झाला सकाळी साडेसहाला, विक्रेत्याच्याच गवताच्या मैदानावर. एप्रिलमधलं सोलापूर पाहता ती वेळ बरोबरच म्हणायची. 42 अंशांत कुत्र्याला चावायला लावणारा माणूस उष्माघातालाच बोलावतो. पण ठिकाण? तेच मैदान, आडोशाचे तेच तंबू, रोजचाच हेल्पर, म्हणजे चोराचं सोंग घेऊन चावा झेलणारा माणूस. तंबूआडून डाव्या हातात तागाची स्लीव्ह (चावा झेलणारी जाड बाही) घातलेला हेल्पर निघाला, कुत्रा सुसाट सुटला, तोंड भरून स्लीव्ह धरली, पाठीवर मऊ काठीचे दोन फटके बसले तरी सोडली नाही. ‘आउट’ म्हटल्यावर सोडली. मग हेल्परने स्लीव्ह खाली टाकली आणि कुत्रा ती तोंडात धरून मान वर करून मैदानभर मिरवला. बघणारे खूश. जाणकाराला मात्र नेमका शेवटचाच प्रकार खटकला असता. ज्याने दोन फटके मारले तो माणूस मोकळ्या हातांनी चार फुटांवर उभा होता आणि कुत्र्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या लेखी चोर म्हणजे स्लीव्ह. माणूस फक्त ती घेऊन येणारा.

यात खेळाचा दोष नाही. जर्मनीत हा प्रकार सुरू झाला तो जर्मन शेफर्डमधली पैदाशीलायक कुत्री निवडण्याची परीक्षा म्हणून, आणि मन लावून केला तर आजही त्यातून कुत्र्याची हिंमत, पकड, ताबा कळतो. पण खेळात सगळं ठरलेलं असतं: सहा आडोसे, हेल्परचा पोशाख, काठी कधी पडणार, ‘आउट’ कधी येणार. राखणीत आणि पोलिसी कामात काहीच ठरलेलं नसतं. त्यासाठी स्लीव्ह न दाखवता काम घ्यावं लागतं: कपड्यांच्या आत लपवलेली स्लीव्ह, तोंडाला चामडी मुसकं बांधून केलेली झटापट, अंधारी खोली, लोखंडी जिना, अनोळखी माणूस. जातिवंत कुत्र्यालाही यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. चार ते सात महिन्यांदरम्यान दात बदलतात, तेव्हा जोराची ओढाताण बंद ठेवावी लागते. मनाने कुत्रा पक्का होतो दीड-दोन वर्षांनी. नवव्या महिन्यात ‘फुल ट्रेन्ड’ म्हणून विकलेला कुत्रा म्हणजे फडकं ओढणारं पोर.

कारखान्यात पहिल्याच रात्री कुत्रा शेडच्या दारात अडला. गुळगुळीत फरशीवर नखं सरकत होती, आत वीस लूमचा खडखडाट. शेपूट पायात घालून तो तिथेच बसला. सुताच्या अंधाऱ्या गोदामात तर पाऊल टाकेना. तिसऱ्या दिवशी टेम्पोतून माल उतरवणारा हमाल डाव्या काखेत रिकाम्या गोणपाटाची गुंडाळी धरून फाटकातून आला आणि कुत्र्याने सरळ तो हात धरला. कारण आता वाचणाऱ्यालाही कळलं असेल: तागाचा वास, डावा हात, गुंडाळी. ‘आउट’ ओरडून काही उपयोग झाला नाही. ते शिकवलं होतं विजेच्या पट्ट्याच्या झटक्यावर आणि तो पट्टा विक्रेत्याने ठेवून घेतला होता. डेमोच्या व्हिडिओत गळ्याखालची काळी डबी स्पष्ट दिसते. हमालाला सात टाके, रेबीजच्या लशीचा पूर्ण कोर्स. आपलं जनावर नीट न सांभाळल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम 291 मालकाला लागतं, विक्रेत्याला नाही.

म्हणून पैसे देण्याआधी कुत्रा आपल्या जागेत आणायला लावा. रात्री, लूम चालू असताना, साध्या पट्ट्यावर फिरवून बघा. दुसरा, कुत्र्याने कधी न पाहिलेला प्रशिक्षित हेल्पर आणा आणि मुसक्याची चाचणी त्याच्याकडूनच करून घ्या. हौशी पुतण्याला पुढे करू नका. स्लीव्ह बाजूला टाकल्यावर कुत्रा कुणाकडे बघतो ते पाहा. आणि कुत्र्याच्या कातडीखालची ओळख-चिप स्कॅन करा. पंधरा आकडी नंबर पेडिग्रीच्या (वंशावळीच्या) कागदाशी जुळला पाहिजे. इथे तो जुळलाच नाही. कागद दुसऱ्याच कुत्र्याचे निघाले.

खरं तर गोदामाला मॅलिनॉइस लागतो कशाला? रोज दीड-दोन तास काम देणारा हँडलर नसेल तर तो दारं कुरतडतो. अनोळखी माणसावर भुंकणारी दोन गावठी कुत्री आणि धड कुंपण एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

याच विक्रेत्याने 11 महिन्यांची मादीही पुढे केली होती: ‘पुढच्या हीटला लावा, पिल्लं मीच परत घेतो.’ कुत्र्यांच्या पैदाशीच्या 2017 च्या नियमांनुसार 18 महिन्यांखालची मादी लावता येत नाही, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. मागच्या पायांच्या खुब्यांचा एक्स-रे मागितल्यावर उत्तर आलं, ‘साहेब, पळते की व्यवस्थित.’ शिवाय खेळासाठी पैदास करणारे हलत्या वस्तूवर चटकन पेटणारी कुत्री निवडतात. कामाला लागतं ते गर्दी-गोंगाटात शांत राहणारं डोकं. एकाच वेतातली भावंडंही यात वेगळी निघतात, त्यामुळे आईबापांचे व्हिडिओ बघून पिल्लाचं काही ठरत नाही.

पैसे परत मागितल्यावर ‘तुमचा हँडलर कच्चा’ हे ठरलेलं उत्तर मिळालं. साठ हजार तिसऱ्याच माणसाच्या खात्यात गेले होते, बाकी रोख. बिलावर लिहिलं होतं, ‘पाळीव कुत्रा, 1 नग’. ट्रेनिंगचा शब्दही नाही. जाहिरातीचा मेसेज विक्रेत्याने लगेच डिलीट केला. ग्राहक आयोगात दाखवायला हातात उरला तो कारखानदाराच्या पुतण्याने सहज काढून ठेवलेला स्क्रीनशॉट: आयजीपी-3, वय 14 महिने.