आरसी 390 चा मागचा टायर: 150 की 160?

केटीएमच्या आरसी 390 या स्पोर्ट्स बाइकचा मागचा टायर गुळगुळीत झाला की हा प्रश्न ठरलेला. परत 150/60 टाकायचा, की एक साइज वर जाऊन 160/60? (पहिला आकडा टायरची रुंदी मिमीमध्ये, दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के.) मी दोन्ही वापरलेत. 160 वर साधारण नऊ हजार किलोमीटर काढले आणि पुढच्या खेपेला 150 वर परत आलो. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, पण माझं मन कसं ठरलं ते सांगतो.

दिसायला 160 ला तोड नाही. मागून गाडी भरलेली दिसते, आणि हौसेने स्पोर्ट्स बाइक घेणाऱ्याला त्याचं अप्रूप असणारच. त्यात चूक काहीच नाही. पुणे–कोल्हापूर हायवेला सरळ रस्त्यावर गाडी जरा जास्त ठाम वाटली. अर्थात तो नव्या रबराचाही परिणाम असेल, कारण आधीचा टायर अगदी संपवूनच काढला होता.

वजन जास्त किंवा मागे कायम कोणी बसलेलं असतं म्हणून 160 घ्यावा, असंही बरेच जण सांगतात. हे मला पटत नाही. 150/60 वर 66 हा लोड इंडेक्स असतो, म्हणजे एकटा मागचा टायर 300 किलो पेलतो. 160 चा 69, म्हणजे 325. आरसीवर दोघं बसून सामान बांधलं तरी 150 ला ते जड नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय फिरवला ती.

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट मला पाठ आहे. तिथे डावं वळण संपतं न संपतं तोच उजवं सुरू होतं. 150 वर असताना नजर पुढच्या वळणाकडे गेली की हात आपोआप काम करायचा, गाडी या कुशीवरून त्या कुशीवर सहज यायची. 160 टाकल्यावर दर वळणाला आधी हँडलला जादा रेटा द्यावा लागायचा, आणि अर्धं झुकून झालं की गाडी एकदम पडल्यासारखी आत जायची. म्हणजे आधी ढकला, मग सावरा. एखाद्या वळणाला हे चालून जातं. पण अख्खा घाट असा चढलो तेव्हा प्रतापगडचा फाटा येईपर्यंत मनगटं भरून आली होती. आरसीचं हँडल खाली आणि अरुंद, त्यामुळे हा जादा रेटा थेट मनगटावरच येतो.

गंमत म्हणजे कागदावर उलटं व्हायला हवं. 160/60 चा व्यास 12 मिमीने मोठा, म्हणजे गाडी मागून 6 मिमी उचलली जाते, आणि मागून उचललेली गाडी वळायला हलकी होते. मग माझ्या हाताला जड का लागली? माझ्या मते खरी गोम रिममध्ये आहे. आरसीचं मागचं रिम 4 इंची आहे. 160/60 खरा बसतो तो साडेचार इंची रिमवर. अरुंद रिमवर चढवला की त्याच्या भिंती आत ओढल्या जातात आणि रस्त्याला टेकणारा माथा टोकदार होतो.

हे मी एकदा खडूने पाहिलं. माझा 160 तेव्हा जेमतेम हजार किलोमीटर चालला होता. मित्राच्या आरसीला साधारण तेवढाच चाललेला 150 होता. दोन्ही टायरांत हवा सारखी भरली, दोन्हीवर आडवी जाड रेघ ओढली आणि गाडीवर बसून पायाने ढकलत सरळ पंधरा-वीस फूट गेलो. मित्राच्या टायरवर मधला जवळजवळ तीन बोटं खडू पुसला गेला होता. माझ्यावर पुरती दोन बोटंही नाही. जास्त पैसे मोजून रुंद टायर घेतला, आणि रस्त्याला टेकत होता कमी. पुढे तो टायर मधूनच सपाट होत गेला, कडेला नव्या टायरवर असतात ते रबराचे केस शेवटपर्यंत तसेच राहिले.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. गिअरिंग सुमारे दोन टक्क्यांनी लांब होतं (इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी थोडी जास्त पुढे जाते), ते ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला थोडं जाणवतं. चेन नवी असेल तेव्हा चाक पुढे सरकलेलं असतं, त्या वेळी स्विंगआर्मपाशी (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यापाशी) किती जागा उरते ते बोट घालून पाहून घ्या. पावसाळ्यात चिखल तिथेच अडकतो.

कोणी 140/70 बद्दलही विचारतं. तो 4 इंची रिमवर नीट बसतो आणि त्याची भिंत 98 मिमी, म्हणजे 150/60 पेक्षा 8 मिमी जास्त. रोज खड्ड्यांतून ऑफिस गाठणाऱ्याने विचार करायला हरकत नाही. मी तो वापरलेला नाही.

तुमचं फिरणं बहुतेक हायवेवर असेल आणि गाडीचं रूप मनापासून आवडत असेल, तर 160 टाकून पस्तावाल असं मी म्हणणार नाही. पण महिन्यातून एखादा घाट होत असेल तर 150 च घ्या, आणि वाचलेले पैसे त्याच साइजच्या चांगल्या, मऊ रबराच्या रेडियलला लावा. घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा: 1824 म्हणजे 2024 चा अठरावा आठवडा. जुना माल असेल तर दुकानदाराला सरळ दुसरा मागा. आणि उद्या निंजा 650 घेतलीत तर हा प्रश्नच येणार नाही, तिचं रिम साडेचार इंची आहे आणि 160/60 तिला कंपनीचाच येतो.