दीव टूर: बस भंगार, गाइड मात्र भारी

मुंबई नाक्यावरून ९ ची बस साडेअकराला आली, एसीचं पाणी आईच्या शालीवर टपकत होतं अन् ट्रॅव्हल्सवाला फोनवर "ताई ॲडजस्ट करा ना". पण दीवचा गाइड एक नंबर! तोफेवर चढणाऱ्या पोरांना दटावत सांगत होता, हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने १५३५ ला पोर्तुगीजांना किल्ला बांधू दिला आणि ते गेले थेट १९६१ ला. बेट केवढंसं, मधे खाडी अन् पूल, पलीकडचं घोघला बेटावर नसूनही दीवमध्येच. नगरपरिषद स्वतःची, २०२० पासून दमण, दादरा-नगर हवेलीसोबत एकच केंद्रशासित प्रदेश. त्यामुळे गुजरातची दारूबंदी नाही, काकांच्या तेवढंच लक्षात राहिलंय. स्टार दोनच, तेही गाइडचे.