बोअरच्या पाण्यावर मॅग्नेशियमचा दांडा : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गीझर २५ लिटरचा, उभा. टाकी पोलादी, आतून काचेचा लेप. एलिमेंट २ किलोवॅटचं, पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ८०० च्या आसपास. बदलून बसवलेला अ‍ॅनोड रॉड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा दांडा, २२ मिमी जाड आणि २०० मिमी लांब, बसवताना वजन १३६ ग्रॅम. दहा महिन्यांनी खरवडून, वाळवून ते ८८ ग्रॅम भरलं. टाकीत गंजाचा एकही डाग नाही.

हे ४८ ग्रॅम वाया गेलेले नाहीत. काचेच्या लेपात बारीक छिद्रं राहतातच आणि तिथून पोलाद गंजू लागतं. प्रमाण विभव म्हणजे धातूची इलेक्ट्रॉन सोडण्याची ओढ दाखवणारा आकडा, जितका ऋण तितकी ओढ जास्त. लोखंडाचं प्रमाण विभव −०.४४ व्होल्ट, मॅग्नेशियमचं −२.३७. दोन्ही एकाच पाण्यात एकमेकांना जोडलेले असले की इलेक्ट्रॉन मॅग्नेशियम देतं आणि लोखंड वाचतं. एक किलो मॅग्नेशियममधून हिशोबाने सुमारे २,२०० अँपिअर-तास मिळायला हवेत, पण साधारण निम्मेच टाकीच्या कामी येतात. बाकीचा धातू थेट पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन सोडतो. त्या हिशोबाने ४८ ग्रॅम म्हणजे दहा महिने अखंड ७ मिलिअँपिअर! एवढ्याशा प्रवाहावर अख्खी टाकी टिकते, याचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

याच गतीने सुमारे चौदा महिन्यांनी दांडा निम्मा होईल. ‘दांडा बसवला की दोन वर्षं बघायला नको’ हा नेहमीचा सल्ला बोअरच्या पाण्याला लागू नाही. निम्मं वजन उरलं किंवा मधली पोलादी तार दिसली की दांडा बदलावा.

बसवताना सर्रास होणारी चूक म्हणजे आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणं. दांडा आणि टाकी यांचा धातूला धातू स्पर्श तुटला, तर दांडा नवाकोरा राहतो आणि टाकी गंजते. फ्लँज (दांडा आणि एलिमेंट ज्यावर बसतात ती टाकीच्या तळाची धातूची चकती) बाहेर असतानाच मल्टिमीटर लावावा. दांडा ते फ्लँज रोध १ ओमच्या आत हवा. दांडा फारसा झिजलेला नसेल तर आनंद मानू नये, आधी हा स्पर्श आणि दांड्यावरचा क्षाराचा थर तपासावा.

स्वस्त म्हणून निव्वळ जस्ताचा दांडा घेऊ नये. सुमारे ६० अंशांपुढे काही पाण्यांत जस्त-लोखंडाचं नातं उलटतं आणि लोखंडच झिजू लागतं. गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढलेले असतात आणि मॅग्नेशियमपाशी सुटणारा हायड्रोजन त्यांना पोसतो. तिथे अ‍ॅल्युमिनियम-जस्त मिश्रधातूचा दांडा बरा.

गीझर उघडण्याआधी एमसीबी (वीज तोडणारा स्विच) बंद करावा, पाणी गार होऊ द्यावं, इनलेट (पाणी आत येण्याची वाट) बंद करून टाकी रिकामी करावी. मग खालचं झाकण काढून वायरींचा फोटो घ्यावा आणि फ्लँजचे नट सोडावेत. एलिमेंटवरचा क्षार सायट्रिक अ‍ॅसिडच्या कोमट द्रावणात तासाभरात सुटतो. जोडणीची टोकं मात्र कोरडी ठेवावीत. फ्लँजचं गॅसकेट (गळती थांबवणारी चकती) नवंच घालावं, जुनं पुन्हा नीट बसत नाही. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. टाकी भरून गरम नळाला सलग धार आल्यावरच वीज द्यावी, नाहीतर कोरडं एलिमेंट जळतं.

घर दोन-तीन आठवडे बंद असेल तर टाकीत हायड्रोजन साठतो. परतल्यावर पेटती शेगडी, उदबत्ती काही जवळ नसताना, खिडकी उघडून गरम नळ काही मिनिटं सोडावा. फुसफुस थांबली की मगच गीझर सुरू करावा.