मांजराचा प्लास्टिकचा कॅरियर, सहा महिन्यांनंतर: बाकी ठीक, खटके मात्र रद्दी

कॅरियर म्हणजे मांजर न्यायची पेटी; हा रिव्ह्यू घर बदलताना ती वापरणाऱ्यांसाठी. बाकी मापं-रंग जाहिरातीत आहेत, परत लिहीत नाही. १९ इंची, तारेचं दार, खालची पाटी आणि वरचं झाकण सहा खटक्यांनी जोडलेलं, ११५० रुपये. तिसऱ्या महिन्यात दोन खटके तुटले. विक्रेता म्हणतो सुटे मिळत नाहीत, नवा घ्या. रुपयाभर प्लास्टिकपायी अकराशेचा माल भंगारात घालायचा?

खटका क्षुल्लक वाटतो, पण तो सैल झाला की झाकण किंचित उचललं जातं. दाराच्या तारेची टोकं वर-खाली भोकांत अडकवलेली असतात, ती सुटतात. घाबरलेलं चार किलोचं मांजर डोक्यानं ढकलून दारासकट बाहेर. आमच्या सोलापुरात बाळीवेशीतून जुळे सोलापूरला निघालेलं मांजर वाटेत सात रस्त्याच्या चौकात सुटलं तर शोधणार कुठं? म्हणून प्रत्येक खटक्याशेजारच्या भोकातून ८ इंची केबल टाय (प्लास्टिकची आवळपट्टी) घाला, दाराच्या चारही कोपऱ्यांना एकेक. उचलताना हँडलवर भरवसा नको, खालून हात द्या. उतरल्यावर टाय कापायला कात्री हाताशी ठेवा.

सुरुवातीला तीन स्टार दिले होते, कारण 'झाकण निघतं' हे मिरवण्यापुरतं वाटलं. ते मत मागे. खरी किंमत त्याचीच आहे. घर सोडायच्या दोन आठवडे आधी नुसती पाटी जुन्या घरात ठेवा, जेवण त्यातच द्या. मग झाकण, शेवटी दार. नव्या घरी पोचल्यावर एका खोलीत परत झाकण काढा: ओळखीच्या वासाची गादी तयार. म्हणूनच आतलं अंथरूण महिनाभर धुवायचं नाही. मुतलं तरच धुवा, तेही साबणाने. फिनाईल नको, ते मांजराला विषारी आहे. नव्या घराची फरशीही त्याने पुसू नका.

अंथरायला सोलापुरी टॉवेल घेऊ नका, त्याच्या फासांत नखं अडकतात. जुनी चादर घडी करून घाला. वरून झाकायला मात्र चादर जाड पडते, पातळ पंचा बरा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वरही जातो, तेव्हा पहाटेच हलवा. बंद गाडीत दोन मिनिटंही ठेवू नका. वास्तुशांतीच्या दिवशी तर नेऊच नका. होमाचा धूर, माणसांची ये-जा, दारं सताड उघडी.

बाहेर फिरणाऱ्या मांजराला लिटर (शी-शूसाठीची विकतची वाळू) कळत नाही. घमेल्यात वाळू आणि जुन्या अंगणातली दोन मुठी माती घाला, लगेच उमगतं. 'मांजर घराचं' म्हणतात ते गावातल्या गावात घर बदलताना फार खरं ठरतं, जुन्या घराची वाट सापडते आणि ते परत जातं. म्हणून तीन-चार आठवडे नव्या घराच्या आत ठेवा, ओरडलं तरी. पहिल्यांदा सोडताना जेवणाआधी, उपाशी, दहा मिनिटं, दार उघडं, हातात खाण्याचा डबा वाजवत. गळ्यात ताण पडला की आपोआप सुटणारा पट्टा, त्यावर फोन नंबर. जुन्या शेजाऱ्यांना बजावून ठेवा: आलंच तर खायला घालू नका, फोन करा.

आता चार स्टार. पाचवा सुटे खटके मिळायला लागल्यावर.