सल्लागारासोबत अकरा महिने: एका लहान संस्थेचा अनुभव

ऊसतोड कामगार हंगामात स्थलांतर करतात, तेव्हा त्यांच्या मुलांनी गावातच थांबावे आणि त्यांचे शिक्षण तुटू नये, यासाठी आमची संस्था बीड जिल्ह्यातील काही गावांत काम करते. पाच कार्यकर्ते, हिशेब पाहणारे एक गृहस्थ आणि सचिव म्हणून मी, एवढाच आमचा व्याप. गेल्या जूनमध्ये नियोजन आणि मूल्यमापनासाठी आम्ही एका सल्लागार संस्थेची सेवा घेतली. शुल्क तीन हप्त्यांत ठरले. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि आमच्यासारख्या न्यासाला त्याची वजावट मिळत नाही, हे अंदाजपत्रक करताना आमच्या ध्यानात आले नव्हते. इतरांनी ती रक्कम आधीच धरावी.

सल्लागार नेमण्याचे निमित्त असे की, देणगीदार कंपनीने आमच्याकडे 'इम्पॅक्ट असेसमेंट', म्हणजे प्रकल्पाच्या परिणामांचा अभ्यास, मागितला होता. पहिल्याच बैठकीत सल्लागार बाईंनी नियम उलगडून दाखवला. कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चाच्या (सीएसआर) नियमांतील २०२१च्या सुधारणेनुसार ही सक्ती फक्त अशा कंपन्यांवर आहे, ज्यांचे सीएसआर दायित्व आधीच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी रुपये किंवा अधिक आहे. तीही १ कोटी किंवा त्याहून मोठ्या आणि पूर्ण होऊन किमान वर्ष झालेल्या प्रकल्पांपुरती. शिवाय तो अभ्यास त्रयस्थाकडून करवून घेणे ही कंपनीची जबाबदारी असते. आमचा प्रकल्प त्या रकमेच्या आसपासही नव्हता. तसे पत्र आम्ही पाठवले, कंपनीने ते मान्य केले आणि तो खर्च टळला. स्वतःचेच काम कमी करणारा सल्ला देणारी माणसे विरळा, म्हणून हे आधी नोंदवते.

खरा उपयोग झाला तो एका साध्या प्रश्नाचा. "मूल गावात थांबले, हे तुम्हाला कशावरून कळते?" असे बाईंनी विचारले, तेव्हा आम्ही मोठ्या विश्वासाने आमची यादी पुढे केली. त्यांनी यादी बाजूला ठेवली आणि आमच्या कार्यकर्तीसोबत गावात एक संध्याकाळ काढली. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह असते, पण वसतिगृह म्हटले तरी आमच्या गावांत मुले तेथे जेवतात आणि झोपायला आजीकडे जातात. अशाच एका घरी आजी चुलीपुढून न उठताच म्हणाली, "पोरगी दिवाळीनंतर तीन आठवडे होती. मग बारक्याला सांभाळायला नेली की फडावर." आमच्या यादीत ती मुलगी 'थांबलेली' होती, कारण आम्ही नोंद नोव्हेंबरमध्ये एकदाच घेत होतो. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरी जाऊन नोंद घेणे आणि मूल गेले असल्यास कारण लिहिणे सुरू झाले. दोन महिन्यांतच दिसले की मध्येच जाणाऱ्यांत धाकटी भावंडे असलेल्या मुलीच अधिक आहेत. त्यांना वह्या आणि दप्तरे देऊन आम्ही कोणता प्रश्न सोडवत होतो, हे मला आता सांगता येत नाही. पालकांच्या भेटी आम्ही दिवाळीच्या तोंडावर घेत असू. पण मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) बहुतेकदा पावसाळ्यातच घेतली जाते आणि कोणाला सोबत न्यायचे, हेही घरात तेव्हाच ठरते. म्हणून यंदापासून भेटी जुलैत ठेवल्या आहेत आणि बोलण्याचा विषय आहे धाकट्या मुलाला कोण सांभाळणार, हा.

तक्रारींत पहिली वेळापत्रकाची. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' या शालेय शिक्षणाच्या सर्वेक्षणात असते त्या धर्तीवर अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांची वाचनचाचणी ठरली. पहिली फेरी सप्टेंबरमध्ये आणि दुसरी जानेवारीत. जानेवारीत आमची गावे अर्धी रिकामी असतात, हे आम्ही दोनदा लिहून कळवले होते. तरीही सल्लागार संस्थेच्या तरुण विश्लेषकाने राहिलेल्या मुलांचीच चाचणी घेतली आणि प्रगती उत्तम असल्याचे कळवले. कच्ची मुले आईबापांबरोबर निघून गेली की मागे उरलेल्यांची सरासरी आपोआप वर जाते, हे त्याच्या लक्षात आणून द्यावे लागले. कुटुंबे परतल्यावर एप्रिलमध्ये त्याच मुलांची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा चित्र बरेच फिके निघाले, पण खरे होते. त्या फेरीचा प्रवासखर्च मात्र आमच्या माथी आला.

तुलनेसाठी आमचे काम नसलेली गावे निवडण्याची सूचनाही आली होती. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने नवजात बालकांच्या घरगुती देखभालीची परिणामकारकता ३९ गावांची ४७ गावांशी तुलना करून दाखवली. त्यामागे वर्षानुवर्षांचे संशोधन आणि तेवढे मनुष्यबळ होते. पाच कार्यकर्त्यांच्या संस्थेने तो हव्यास धरू नये, असे आम्ही म्हटले आणि बाईंनीही ते मानले.

दुसरी तक्रार भाषेची. अहवाल इंग्रजीत आला, जो आमच्या पाचपैकी चार कार्यकर्त्यांना वाचता येत नाही. मराठी प्रत दोन महिन्यांनी मिळाली, तीही यंत्राने केलेली असावी अशी. तिच्यात इंग्रजी 'इंटरव्हेन्शन'चे शब्दशः भाषांतर करून आमच्या कामाला पानोपानी 'हस्तक्षेप' म्हटले होते. ग्रामसभेत आम्ही ती वाचली, तेव्हा सरपंचांनी शांतपणे विचारले, "तुम्ही नेमका कशात हस्तक्षेप केलात?" त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढे आमच्याच एका कार्यकर्त्याने दोन रात्री बसून ती प्रत नव्याने लिहिली आणि गावात वाटली गेली ती हीच.

पुढील वर्षाचा करार आम्ही त्यांच्याशीच केला आहे, दोन अटी घालून. चाचणीचे महिने आम्ही ठरवू आणि शेवटचा हप्ता मराठी अहवाल कार्यकर्त्यांनी वाचून मान्य केल्यावरच दिला जाईल. दुसऱ्या अटीवर त्यांनी थोडी कुरकुर केली, पण सही झाली आहे.