उत्तर स्पेन गाडीने: रस्ता चांगला आहे, घड्याळ तुम्ही सांभाळा

सान सेबास्तियानपासून गॅलिसियाच्या वेशीवरच्या रिबादेओपर्यंतचा किनारी रस्ता साधारण 500 किलोमीटरचा. एवढं कमी अंतर पाहूनच लोकांचा अंदाज चुकतो. बास्क प्रांत, कांताब्रिया, आस्तुरियास आणि मध्येच पिकोस दे युरोपाचे डोंगर असं सगळं चार दिवसांत बसवलं जातं. बसतंही. मात्र मग दिवस गाडीतच जातात, जेवायला बसावं तर किचन बंद झालेलं असतं आणि पुळणीवर उतरावं तर भरती आलेली असते. या मार्गाला आमच्याकडून पैकीच्या पैकी गुण, पण एका अटीवर: सात रात्री काढा आणि त्यातल्या किमान दोन डोंगरात घालवा.

आधी गाडीचं बघू. भाड्याची गाडी लहान घ्या, कारण जुन्या गावांतल्या गल्ल्या आणि तळघरातली पार्किंगं मोठ्या गाडीसाठी बांधलेलीच नाहीत. स्वस्त गाड्या बहुतेक हाताने गिअर टाकायच्या असतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच निवडा, काउंटरवर मिळेल या भरवशावर राहू नका. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं. भारतीय लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हवं, आणि ते निघण्याआधीच काढून ठेवायचं. विम्याच्या कागदावर काच, टायर आणि गाडीचा तळ या तीन गोष्टी वगळल्या आहेत का ते वाचा. घाटात नुकसान होतं ते नेमकं याच तिघांचं. पंपावर ‘गासोलिना’ म्हणजे पेट्रोल आणि ‘गासोलेओ’ म्हणजे डिझेल. नावं इतकी सारखी की घाईत हात चुकतो. टाकीच्या झाकणामागे वर्तुळात ई5 किंवा ई10 असेल तर पेट्रोल, चौकोनात बी7 असेल तर डिझेल, एवढं बघूनच नळी उचला.

फ्रान्सच्या सीमेपासून बिल्बाओपर्यंत एपी-8 ला टोल आहे. बिल्बाओला दक्षिणेकडून वळसा घालणाऱ्या ‘सुपरसुर’लाही आहे. तिथून पश्चिमेला ए-8 फुकट, आणि रस्ता उत्तम. वेगमर्यादा महामार्गावर 120, साध्या दुपदरी रस्त्यावर 90, आणि गावात प्रत्येक बाजूला एकच पदर असेल तिथे 30. या 30 कडे परदेशी चालकांचं हमखास दुर्लक्ष होतं.

ए-8 चा दोष एवढाच की तो फार सोयीचा आहे. सगळं काही पुलांवरून आणि बोगद्यांतून मागे टाकत नेतो. यानेस आणि रिबादेसेया यांच्यामध्ये तरी तो सोडा आणि जुन्या एएस-263 ने जा. कुरणं, त्यात चरणाऱ्या गाई आणि त्यांच्या मागे थेट समुद्र, हे दृश्य तिथूनच दिसतं. याच पट्ट्यात प्रियाचे ‘बुफोनेस’ आहेत. चुनखडीच्या कड्याला उभी भोकं पडलेली आहेत आणि खालून लाट आत घुसली की हवा-पाणी फवाऱ्यासारखं वर उडतं. त्याला भरतीही लागते आणि खवळलेला समुद्रही. शांत दिवशी तिथे जमिनीतून नुसता घोरल्यासारखा आवाज येतो. भोकावर वाकून बघू नका. दगड ओला असतो आणि पुढची लाट केवढी येईल ते सांगता येत नाही.

आता डोंगर. उनकेरा गावाशी ए-8 सोडला की एन-621 लागतो. पानेसनंतर एर्मिदाची घळ सुरू होते. 21 किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना उभे कडे, तळाला देवा नदी आणि तिला चिकटून रस्ता. उनकेराहून पोतेस, आणि पोतेसहून दरीच्या टोकाला फुएन्ते दे, मिळून साठेक किलोमीटर होतात. सव्वा तास धरा. समोरून बस आली की वळणावर ती तुमच्या बाजूला येतेच, म्हणून उजवी कड धरून चालवा आणि नजर कड्यांकडे जाऊ देऊ नका. कडे बघायचे तर गाडी थांबवून बघा. मुद्दाम थांबावं अशी एक जागा म्हणजे लेबेन्याचं दहाव्या शतकातलं सान्ता मारियाचं चर्च. घळीच्या आतच, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानींचं.

फुएन्ते देचा रोपवे 1966 पासून चालू आहे. पाळणा 753 मीटर चढतो, तोही चार मिनिटांच्या आत, आणि मध्ये एकही खांब नाही. खांब नसल्यामुळे वाटेत गचका बसत नाही, पण शेवटच्या टप्प्यात कडा अगदी अंगावर आल्यासारखा वाटतो. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी पाळण्याच्या मधोमध उभं राहावं. वरचं ठाणं 1823 मीटरवर आहे आणि खालच्यापेक्षा तिथे चार-पाच अंशांनी गार असतं, म्हणून जुलैतही अंगावर घालायला काहीतरी न्या.

रोपवेच्या व्यवस्थेबद्दल तक्रार नाही. दिवस बिघडतो तो नियोजनामुळे, आणि कसा ते सांगतो. ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरून सकाळी आरामात निघालेली मंडळी अकराला पोचतात. तिकीट नसतं, तेव्हा पुढची मोकळी वेळ मिळते दुपारची. वर जातात, फोटो काढतात, मग उतरण्यासाठी वरच्या ठाण्यावर पुन्हा रांग. साडेचारला पोतेसमध्ये भुकेले पोचतात तेव्हा किचनं बंद होऊन तास झालेला असतो आणि रात्रीचं जेवण नऊच्या आत कुणी वाढत नाही. यावर इलाज सोपा आहे. मुक्काम पोतेसमध्ये करा, तिकीट आधी ऑनलाइन घ्या, पहिल्या पाळण्यांपैकी एक पकडा. निघताना वरच्या ठाण्याचा वेबकॅम बघा. खोऱ्यात धुकं दाटलेलं असताना वर लख्ख ऊन असणं इथे अगदी नेहमीचं आहे. गावातून आभाळ बघून बेत रद्द केला तर ढगांचा समुद्र पायाखाली बघायची संधी हुकते. वारा वाढला तर मात्र रोपवे थांबतो, तिथे काही चालत नाही.

चालायची तयारी असेल तर फक्त वर जायचं तिकीट घ्या आणि आलिवाच्या कुरणांतून एस्पिनामा गावाकडून खाली उतरा. चौदाएक किलोमीटर, बहुतेक उतार, चार ते पाच तास. वाट रुंद आहे पण खडीची, त्यामुळे गुळगुळीत तळव्याचे बूट घसरतात आणि शेवटी गुडघे बोलतात. सावली जवळजवळ नाही. पाणी माणशी दीड लिटर तरी हवंच.

खाली आल्यावर पोतेसमध्ये ‘कोसिदो लेबानिएगो’ मागवा. या खोऱ्यातले हरभरे नेहमीच्या काबुली चण्यांपेक्षा बरेच लहान आणि पातळ सालीचे, शिजून लोण्यासारखे होतात तरी फुटत नाहीत. आधी त्याच रश्श्यात शेवया घालून केलेलं सूप येतं, मग हरभरे आणि कोबी, मग मांस, चोरिसो (मसालेदार सॉसेज) आणि पाव-अंड्याचा ‘रेयेनो’. एक वाटा दोघांना पुरतो. दुपारी दोनच्या सुमारास जा. आठवड्याच्या दिवशी ‘मेनू देल दिया’ म्हणजे ठरावीक दरात दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड, हा या प्रदेशातला सर्वांत रास्त सौदा आहे. शनिवार-रविवारी तो नसतो किंवा महाग असतो.

आस्तुरियासमध्ये ज्या एका गोष्टीसाठी संध्याकाळ राखून ठेवावी ती म्हणजे सिद्रेरिया, सफरचंदाच्या दारूचे बार. ओव्हिएदोची गास्कोना ही अख्खी गल्लीच त्यांची. इथली सफरचंदाची सिद्रा पेल्याने मागवत नाहीत, 70 सेंटिलिटरची बाटली मागवायची. वाढणारा बाटली डोक्यावर धरतो, पातळ काचेचा रुंद पेला कमरेखाली तिरका, आणि नजर समोर. धार मीटरभर खाली येऊन पेल्याच्या आतल्या कडेवर आपटते. हे दाखवण्यासाठी नाही. या सिद्रेत मुळात वायू कमी असतो, आपटल्यावर तो सुटतो आणि बरोबर वास उठतो. पेल्यात एक-दोन बोटं पेय, वर पांढरट बुडबुडे, आणि ते काही सेकंदांतच विरतात. म्हणून तो ‘कुलिन’ एका दमात प्यायचा. घोट-घोट घेतलात तर हाती उरतं ते आंबट, चपटं पाणी, आणि मग लोक म्हणतात की सिद्रा आवडली नाही. तळाला थोडी ठेवून ती ओठ लागलेल्या कडेवरून सांडतात. एकच पेला सगळ्यांत फिरायचा तेव्हाची ही रीत. काही ठिकाणी टेबलावर बटणाचा पंप ठेवतात. काम होतं, पण गर्दी नसेल तर माणसाची वाट बघा. आस्तुरियासच्या या सिद्रा-संस्कृतीला 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. अल्कोहोल साधारण सहा टक्के असतं आणि बाटलीत सहाएक कुलिन निघतात, तेव्हा गाडी चालवणाऱ्याने ‘मोस्तो’ म्हणजे द्राक्षांचा रस घ्यावा.

सिद्रेबरोबर काब्रालेस चीज मागवा, मक्याच्या तळलेल्या ‘तोर्तोस’वर घालून. चुनखडीच्या दमट, गार गुहांमध्ये किमान दोन महिने मुरलेलं हे निळं चीज जिभेला चावतं, पहिल्यांदा थोडंच घ्या. काचोपो, म्हणजे हॅम-चीज भरून पावाच्या चुऱ्यात तळलेले गोमांसाचे दोन पापुद्रे, एकट्याने मागवू नका. तो दोघांना जड होतो.

शाकाहारी लोकांनी हे लक्षात ठेवावं. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हटलं तर हॅम किंवा टुना घातलेलं ताट येतं, कारण इथे कार्ने म्हणजे मांसाचा तुकडा. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ (मांस नको, हॅम नको, मासे नकोत) असं तिन्ही म्हणा. फाबादा ही पांढऱ्या घेवड्याची उसळ दिसते साधी, पण शिजते डुकराच्या मांसातच. भरवशाचे पदार्थ म्हणजे बटाट्याची तोर्तिया (अंड्याची), तळलेल्या गेर्निकाच्या मिरच्या आणि तोर्तोस. पारंपरिक चीजमध्ये रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) प्राण्याचं असतं.

सान सेबास्तियानच्या पिंचो (छोट्या छोट्या खाण्यांच्या) बारबद्दल थोडक्यात: एका ठिकाणी एक-दोन खा, पैसे द्या, पुढच्या दारात जा. काउंटरवर मांडलेले थंड पदार्थ चांगले असतात, पण खरी करामत फळ्यावर लिहिलेल्या गरम पदार्थांत असते. ते मागवल्यावर करून देतात. ‘हिल्दा’, म्हणजे काडीला ऑलिव्ह, व्हिनेगरमध्ये मुरवलेली मिरची आणि अँचोव्ही हा खारवलेला छोटा मासा, चुकवू नका.

ती अँचोव्ही आवडली तर कांताब्रियातल्या सान्तोन्यात डबे घ्या, पण उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. हे मासे महिनोन्‌महिने मिठात मुरवून, हाताने साफ करून तेलात भरतात. डबा उकळून निर्जंतुक केलेला नसतो, म्हणून तो फ्रिजमध्येच राहायला हवा. उष्णतेने काप मऊ पडून विरघळतात आणि वर नुसता खारटपणा उरतो. थंड पिशवी नसेल तर तिथेच खा, फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटांनी.

रिबादेओजवळची कॅथेड्रल्सची पुळण, समुद्राने कोरलेल्या दगडी कमानींची, शेवटी ठेवा, आणि तिचा दिवस ओहोटीप्रमाणे ठरवा. गर्दीच्या मोसमात प्रवेशाची नोंदणी आधी करावी लागते. ती फुकट असते, पण ती फक्त तारखेची असते, समुद्राची हमी देत नाही. भरतीच्या वेळी वरून नुसतं पाणी दिसतं. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा मुक्काम ठरवण्याआधीच तक्ता बघा. ओहोटीच्या दोन तास आधी खाली उतरा आणि पाणी फिरू लागलं की जिन्याशी परत या. कमानींच्या थेट खाली रेंगाळू नका, वरून दगड सुटतात. तिथून पुढे सान्तियागोकडे जाणार असाल तर मोन्दोन्येदोच्या वरचा ए-8 धुक्यामुळे बंद नाही ना, हे निघण्यापूर्वी तपासा. बंद असेल तर जुन्या एन-634 ने वळवतात, आणि त्या वळणांना जास्तीचा वेळ हाताशी ठेवावा लागतो.