नागपुरात डेस्कटॉप घ्यायचा तर असेंबलच करा, पण पॉवर सप्लाय न कॅबिनेट बघून

सरळ सांगतो, काम टॅली, बँक, मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर ब्रँडेड घ्या न मोकळे व्हा. त्याच्या पुढचं काम असेल तर असेंबल करा, आणि पार्ट इथल्याच दुकानातून घ्या. आत्ता भाचीच्या आर्किटेक्चरच्या कामासाठी घेतला, ऑटोकॅड, रेव्हिट ही डिझाइनची सॉफ्टवेअर, थोडं रेंडरिंग म्हणजे डिझाइनचं खरं वाटणारं चित्र काढणं, त्यामुळे ब्रँडेड शोरूम, ऑनलाइन, बर्डी (सीताबर्डी) आणि धंतोलीत यशवंत स्टेडियमसमोरची दुकानं, सगळंच पाहून झालं.

ब्रँडेडचं चांगलं म्हणजे वॉरंटी एकाच जागी, बिघडलं की एकच फोन. पण एका शोरूममध्ये जे मॉडेल दाखवलं त्यात रॅमची एकच स्टिक, पॉवर सप्लाय अगदी छोटा आणि तोही कंपनीच्याच साइजचा, म्हणजे उद्या ग्राफिक कार्ड टाकायचं म्हटलं तर आधी पॉवर सप्लाय बदला आणि बाजारातला त्यात बसत नाही. ऑनलाइन थोडं स्वस्त पडते हे खरं आहे, पण पार्ट चार ठिकाणाहून आले न पीसी चालूच नाही झाला तर दोष मदरबोर्डाचा की रॅमचा हे घरी कसं समजणार, बदलून बघायला दुसरी रॅम कोणाच्या घरी पडून असते?

म्हणून शेवटी धंतोलीतलं दुकान. कोटेशनवरूनच दुकान ओळखा. एका ठिकाणी कागदावर नुसतं 'आय ५, १६ जीबी, ५१२ एसएसडी, ४५० वॉट एसएमपीएस' लिहून दिलं, कंपनी नाही, मॉडेल नाही, आणि एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय, त्यातच सगळी काटछाट असते. ज्यांच्याकडून घेतला त्यांनी प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल लिहिलं आणि स्वतःहून म्हणाले, "भाऊ, ग्राफिक कार्ड टाकूनच राहिलो तर प्रोसेसर एफवाला, म्हणजे नावाच्या शेवटी एफ असलेला घ्या, त्यात आतलं ग्राफिक नसते, तेवढे पैसे वाचतात." हेच उलटं, कार्ड नसताना एफवाला घेतला तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही, हे बऱ्याच लोकांना माहीत नसते.

आता उन्हाळ्याचं. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जाते, खोलीत कूलर असला तरी दुपारी हवा गरमच असते, आणि पीसीचा फॅन खोलीतलीच हवा ओढते, त्यामुळे प्रोसेसर खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊच शकत नाही. ९५-१०० डिग्रीच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला स्पीड कमी करते, रेंडर लांबते. तरी दुकानात समोर मांडलेली सगळी कॅबिनेट पुढून बंद काचेची, आत तीन रंगीत फॅन, पण हवा आत यायला जागाच नाही. आम्ही पुढून जाळीचं घेतलं, दिसायला साधं आहे पण पुढून हवा आत, मागून बाहेर, जाळीवरची धूळ कापडानेही निघते. आणि पीसी कूलरच्या झोतात अजिबात ठेवू नका, ती हवा ओली असते, कधी थेंबही येतात.

जोडणी समोर करून दिली हे मला सगळ्यात आवडलं. मुलाने प्रोसेसरचा डबा आमच्या समोर सील तोडून उघडला, कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटच्या खुणेला जुळवून नुसता वरून ठेवला, दाबला नाही, मगच खटका लावला. रॅमच्या दोन स्टिक एक सोडून एक स्लॉटमध्ये लावल्या न असं का ते भाचीला समजावून सांगितलं. सीलबंद डबा मुद्दाम सांगतो, कारण डब्याशिवायचा ट्रे प्रोसेसर स्वस्त मिळते पण त्याला डब्यासारखी कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी नसते, दुकानदार देईल तीच.

बिल पक्कंच घ्या, प्रत्येक पार्ट वेगळा, सीरियल नंबरसकट. १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्चं बिल घेणारे खूप आहेत, पण पुढे बोर्ड गेला तर सर्व्हिस सेंटर पहिले बिलच मागते.

कमी एकच वाटली, शनिवारी संध्याकाळी इतकी गर्दी की बोलायलाच कोणी नसते, मधल्या वारी दुपारी जा.

यूपीएस न अर्थिंग यावर मात्र दुकानात कोणीच बोलत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देते, ग्राफिक कार्डवाल्या पीसीला तो पुरत नाही, लाइट गेली की पीसीही बंद. १००० व्हीएच्या पुढचाच घ्या. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवून घरची अर्थिंग तपासा, नवा पीसी नंतर लावा.